शिंगरू घ्यावे की वापरलेली घोडी : दक्षिण सोलापुरातील एका कुटुंबाचा निर्णय

दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने दिवाळीनंतर अकलूजच्या घोडेबाजारात मारवाडी वळणाचे एक नर शिंगरू पसंत केले आणि विसार देण्यापूर्वी पशुवैद्यक या नात्याने माझे मत विचारले. त्या शिंगराची तपासणी, कुटुंबाशी झालेली चर्चा आणि अखेरचा निर्णय यांची ही नोंद आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, परंतु परिस्थितीत काही बदल केलेला नाही. असा प्रश्न घेऊन येणारी माणसे बहुधा शिंगराच्या किमतीपासून बोलायला सुरुवात करतात. माझ्या मते किंमत ही त्या निर्णयातील सर्वांत लहान बाब असते, आणि या प्रकरणात ते फार स्पष्टपणे दिसून आले.

कुटुंबाकडे सहा एकर जमीन आहे. त्यातील दोन एकरांवर ऊस आणि उरलेल्या जमिनीत ज्वारी व तूर असते. गोठ्यात दोन म्हशी आणि दोन संकरित गायी आहेत. घरातील वडीलधारे, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, साठी ओलांडलेले आहेत. त्यांच्या लहानपणी घरात भीमथडी तट्टू होते आणि त्यावर बसून त्यांचे वडील आठवडी बाजाराला जात. मुलगा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात पाळीने कामाला आहे. दुधाचा सारा व्यवहार सून पाहते. नात अकरा वर्षांची आहे. आषाढात वाखरीला माउलींच्या अश्वाचे रिंगण पाहिल्यापासून तिने घोड्याचा ध्यास घेतला होता.

घोडा हवा याविषयी घरात एकमत होते, पण तो कशासाठी हवा याविषयी नव्हते, आणि हे त्यांच्या ध्यानात आलेले नव्हते. दारात पुन्हा घोडा बांधलेला दिसावा, तो घरच्या हातावर वाढलेला असावा, ही अप्पांची इच्छा होती. शिंगरू स्वस्तात घ्यावे, तीन वर्षे पोसावे आणि चांगल्या भावाने विकावे, असा मुलाचा हिशेब होता. नातीला घोड्यावर बसायचे होते. सुनेने मात्र पहिल्याच बैठकीत विचारले, "मामा, तुमच्या वेळी घरात सालगडी होता. ह्याचं दाणा-पाणी, लीद, खरारा हे रोज कोण करणार?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नव्हते. अप्पांनी विषय शिंगराच्या गळ्यावरील भोवऱ्याकडे वळवला. तो देवमण असल्याने घोडा घराला लाभतो, असे त्यांचे म्हणणे होते. भोवऱ्याचा आरोग्याशी काही संबंध नाही. परंतु आपल्या बाजारात भोवरे पाहूनच भाव ठरतो, त्यामुळे पुढे विकण्याचा विचार असेल तर ती व्यवहाराची बाब म्हणून जमेस धरावी, एवढेच मी सांगितले.

शिंगराची तपासणी

शिंगरू कुमैत (तांबूस तपकिरी) रंगाचे, कानांची टोके आत वळलेली, मान उंच, एका मागच्या पायाला पांढरा मोजा, असे पाहताक्षणी मन वेधून घेणारे होते. विक्रेत्याने ९५ हजार रुपये सांगितले होते आणि ८० हजारांपर्यंत सौदा उतरेल, असा दलालाचा निरोप होता. वय आठ महिने सांगण्यात आले.

शिंगराच्या वयाचा अंदाज दुधाच्या दातांवरून करतात. समोरची मधली जोडी जन्मानंतर पहिल्या आठवड्यात येते, तिच्या बाजूची जोडी साधारण सहा आठवड्यांनी आणि कोपऱ्यातील जोडी सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान. या शिंगराचे कोपऱ्यातील दात हिरडीखाली नुसते जाणवत होते. त्यामुळे वय आठ महिने असणे अशक्य नव्हते, पण साडेपाच-सहा महिने असणे अधिक संभवत होते. दातांवरून वय सांगताना एक-दोन महिन्यांचा फरक धरावाच लागतो, म्हणून मी विक्रेत्याला खोटे ठरवले नाही. तथापि वय सहाच्या आसपास असेल तर शिंगरू आईपासून नुकतेच तोडलेले आहे, आणि आईपासून तुटणे, नव्या जागी जाणे, नवा चारा लागणे हे तिन्ही ताण त्याच्यावर एकाच महिन्यात येणार आहेत, हे कुटुंबाला समजणे आवश्यक होते.

पुढच्या पायांनी मला अधिक काळजीत टाकले. दोन्ही पुढच्या गुडघ्यांच्या वर, आतल्या बाजूस, हाड रुंद आणि किंचित गरम लागत होते. खुराच्या वरचा सांधा नेहमीसारखा मागे झुकलेला नसून जवळजवळ सरळ उभा होता आणि टाच जमिनीवर जेमतेम टेकत होती. खुराकाविषयी विचारले असता विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, म्हशीचे दूध आणि अंडी अशी यादी सांगितली. बाजारासाठी शिंगरू गुटगुटीत दिसावे म्हणून असे चारणे सर्रास चालते आणि त्याचा परिणाम नेमका अशा पायांवर होतो.

याचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे. शिंगरू सहा महिन्यांचे होते तेव्हा ते पूर्ण वाढीच्या वजनाच्या साधारण ४५ टक्के, पण उंचीच्या ८० टक्क्यांहून अधिक झालेले असते. वर्षाचे होईपर्यंत उंची ९० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे पायांची लांबी पहिल्या वर्षात झपाट्याने वाढते, आणि ही वाढ हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांत होते. जादा खुराकाने वजन लवकर चढले आणि त्याच वेळी कॅल्शियम, तांबे, जस्त यांचा मेळ बसला नाही, तर या पट्ट्या सुजतात. हाड स्नायुबंधांपेक्षा वेगाने लांबले, तर सांधा ओढला जाऊन सरळ होतो. गव्हाच्या कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट स्फुरद (फॉस्फरस) असते. शिंगराच्या एकूण आहारात मात्र कॅल्शियम हे स्फुरदाच्या दीडपट ते दुप्पट असावे लागते. कोंडा हा घोड्याचा पारंपरिक खुराक मानला जात असला तरी वाढत्या शिंगराला तो ओंजळीने द्यायची वस्तू आहे, पाटीने नव्हे.

गुडघ्याजवळची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, म्हणून तिथली सूज खुराक कमी करून, खनिज मिश्रण देऊन आणि खुरे नीट तासून बहुतेक वेळा उतरते. खुराच्या वरच्या सांध्याजवळील वाढ मात्र पहिल्या वर्षातच संपते, त्यामुळे तिथला दोष सुधारायला हातात फार थोडे महिने असतात. हे शिंगरू टाकाऊ होते असे मी म्हणालो नाही. जाणत्या माणसाच्या हाती ते सुधारले असते. पण पहिल्याच महिन्यापासून त्याला कुशल नालबंद आणि मोजून-मापून आहार लागणार होता.

आणखी दोन गोष्टी आढळल्या. एकच वृषण हाताला लागले. या वयात दुसरे वर राहिलेले असू शकते आणि पुढे उतरूही शकते, परंतु ते न उतरल्यास खच्चीकरण साध्या शस्त्रक्रियेने होत नाही, पोटात शिरावे लागू शकते. दुसरे म्हणजे शिंगराबरोबर रक्ततपासणीचा कोणताही दाखला नव्हता. घोडेबाजारात निरनिराळ्या भागांतील जनावरे एकाच हौदावर पाणी पितात. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, तो जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याखाली अधिसूचित आहे आणि बाधित घोड्यावर उपचार न करता त्याला दयामरण द्यावे लागते. लहान मूल ज्या जनावराच्या तोंडाशी खेळणार आहे, ते या तपासणीशिवाय घरात आणू नये, या मुद्द्यावर मी कोणतीही तडजोड सुचवली नाही. पशुसंवर्धन विभागामार्फत रक्तनमुना पाठवून अहवाल येईपर्यंत थांबण्याची अट विक्रेत्याला मान्य नव्हती.

शिंगरू वाढवणे म्हणजे काय

शिंगराचा दोष हा या निर्णयाचा अर्धाच भाग होता. पाय निर्दोष असते आणि दाखलाही असता, तरी या घराने शिंगरू वाढवावे का, हा प्रश्न उरलाच असता, म्हणून आम्ही त्याचा स्वतंत्र विचार केला.

चाऱ्याचा हिशेब रुपयांत न करता किलोत केला, कारण भाव दर हंगामाला बदलतो. सुमारे १८० किलो वजनाच्या शिंगराला रोज साधारण पाच किलो कोरडा आहार लागतो. त्यात दहा किलो हिरवा लसूणघास, जो वाळवल्यावर दोन किलोच भरतो, दीड किलो चांगले वाळलेले गवत आणि सुमारे दोन किलो खुराक येतो. पुढे वजन वाढते तसा आहार वाढत जातो आणि ३८० किलोच्या घोड्याला रोज साडेसात ते नऊ किलो लागतो. तीन वर्षांची सरासरी सात किलो धरली, तरी एकूण साडेसात टनांहून अधिक कोरडा आहार होतो. मुलाने हा आकडा कागदावर लिहून त्या वर्षीच्या भावाने गुणला, तेव्हा शिंगराची किंमत त्यापुढे किती लहान आहे हे त्याला कोणी सांगावे लागले नाही.

"चारा घरचाच आहे की," असे अप्पांचे म्हणणे होते, आणि येथे गायी-म्हशींचा अनुभव आडवा येतो. त्यांच्याकडे होता तो चारा म्हणजे मालदांडी ज्वारीचा कडबा, संकरित नेपियर गवत आणि हंगामात उसाचे वाढे. कडब्यात प्रथिने फार कमी असतात, त्यावर म्हैस भागवते पण वाढते शिंगरू भागवू शकत नाही, आणि पावसात भिजून बुरशी लागलेला कडबा घोड्याच्या पोटशूळाचे हमखास कारण ठरतो. नेपियरमध्ये आणि वाढ्यांत ऑक्झलेट नावाचा क्षार असतो. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो, त्यामुळे महिनोन्महिने त्यावरच ठेवलेल्या घोड्याची हाडे, विशेषतः चेहऱ्याची, पोकळ होऊन फुगतात. हिरवी कोवळी ज्वारी घोड्याला देऊच नये. सर्वांत गंभीर धोका पोत्यातील खाद्याचा आहे. दुभत्या जनावरांच्या काही खाद्यांत व पूरकांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते, जे गायीला चालते आणि घोड्याच्या हृदयाला अगदी थोड्या मात्रेत प्राणघातक ठरते. एकाच गोठ्यात, एकाच पाटीने गायीला आणि घोड्याला वाढणाऱ्या घरात ही चूक सहज होऊ शकते. सुनेने हे ऐकून खाद्याच्या पोत्यावरील चिठ्ठी तिथेच आणून दाखवली. या सबंध प्रकरणात मला सर्वांत आश्वासक वाटलेली गोष्ट तीच होती.

सोलापूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांवर जातो. त्या दिवसांत घोड्याला ४० लिटरपर्यंत आणि काम असेल तर त्याहून अधिक पाणी लागते, उंच छपराची मोकळी सावली लागते, आणि पत्र्याखालचा बंदिस्त कोपरा चालत नाही. पाण्याची सोय त्यांच्याकडे होती, सावली करता आली असती.

माणसांची सोय करणे मात्र अवघड होते. शिंगराची खुरे दर सहा ते आठ आठवड्यांनी तासावी लागतात. परिसरात बैलांना पत्री मारणारे कारागीर आहेत, परंतु बैलाचे दुभंगलेले खूर आणि घोड्याचे अखंड खूर यांचे काम निराळे आहे, आणि वाकड्या सांध्याच्या शिंगराला ते काम अंदाजाने करून चालत नाही. धनुर्वाताची लस, जंतनाशक, पावसाळ्यानंतर गोमाश्यांमुळे होणारा सर्रा हा रक्तातील परजीवीचा रोग यांची काळजी स्थानिक पशुवैद्यक घेऊ शकतो. पण पोटशूळात आतडे पिळले गेले तर शस्त्रक्रियेची सोय असलेले शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथून दोनशेहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि त्या दुखण्यात तासांना महत्त्व असते. ही जोखीम सोलापुरात घोडा पाळणाऱ्या प्रत्येकाने पत्करलेली असते. ती माहीत असून पत्करावी, एवढाच माझा आग्रह होता.

यानंतर शिंगराच्या स्वभावाचा प्रश्न आला, आणि त्यावर आमची चर्चा सर्वांत लांबली. घोडा हा कळपाचा प्राणी आहे. किती जोराने चावावे, कधी मागे सरावे, मोठ्याने कान पाडले की काय समजावे, हे शिंगरू आईकडून आणि इतर घोड्यांकडून शिकते. सहा महिन्यांचे नर शिंगरू गायींच्या गोठ्यात एकटे वाढवले, माणसांनी त्याला हाताने गूळ चारला, मुलांनी त्याच्याशी ढकलाढकली खेळली, की दीड-दोन वर्षांत तेच शिंगरू माणसाला आपल्या बरोबरीचा घोडा समजू लागते. लहानपणी ज्याचे कौतुक झाले तेच चावणे आणि पुढचे पाय उचलणे तीनशे किलो वजनावर जीवघेणे होते, आणि मग त्या जनावराला मारझोड सुरू होते. या शेवटाला पोहोचलेले घोडे मी पाहिले आहेत. त्यांचा स्वभाव मुळात वाईट नव्हता, त्यांना वेळेवर शिस्त लावणारे कोणी नव्हते. हे टाळायचे तर रोज दोन तास, एकाच शांत माणसाने, मोहरकीत (तोंडावरच्या दोरीत) चालवणे, पाय उचलू देणे, बांधून उभे राहणे हे धडे द्यावे लागतात. मुलगा पाळीत, सून दुधात, नात शाळेत, आणि अप्पांच्या गुडघ्याचे दुखणे जुने. रोजचे दोन तास कोणाचे, हा सुनेचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहिला.

खच्चीकरणाला मुलाची तयारी नव्हती, कारण अखंड घोड्याला भाव येतो. परंतु अकरा-बारा वर्षांच्या मुलीने दोन वर्षांचा अखंड नर हाताळावा, ही कल्पनाच मला मान्य नव्हती, आणि मी ते स्पष्ट सांगितले.

वेळेचे गणितही जुळत नव्हते. मारवाडी घोड्यावर तीन वर्षांचा झाल्यावर हलके बसायला सुरुवात करावी. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-सहा वर्षांपर्यंत पूर्ण होत नाही. म्हणजे नात चौदा वर्षांची होईल तेव्हा घोड्याचे शिक्षण सुरू होईल, आणि नवख्या स्वाराने विश्वासाने बसावे इतका तो समजूतदार होईल तेव्हा ती सतरा वर्षांची असेल. शिवाय नवखा स्वार आणि नवखा घोडा ही जोडी कोणताही जाणता चाबुकस्वार, म्हणजे घोड्याला शिकवणारा, जमवणार नाही, कारण दोघांपैकी एकाला तरी काय करायचे ते ठाऊक असावे लागते. शिंगरू आणि मूल एकत्र वाढतील, हे ऐकायला फार गोड वाटते, पण शिंगरू दोन वर्षांत ताकदीने प्रौढ होते आणि मूल तेव्हाही मूलच असते.

विकण्याच्या हिशेबाविषयी थोडेच सांगायचे आहे. या व्यवहारात उंची, कान, चाल आणि वंश यांवर पैसा मिळतो. या शिंगराच्या आई-बापाचा कागद नव्हता. चाल बसवायची तर चाबुकस्वाराची फी आली, आणि लवकर पैसा हवा म्हणून अनेक जण दीड वर्षांच्या शिंगराला वरातीच्या नाचकामाला लावतात. कोवळ्या सांध्यांवर मागच्या पायांनी उभे करणे आणि तोंडात काटेरी लगाम घालणे हे त्या शिक्षणाचे नेहमीचे मार्ग आहेत. काटेरी लगाम ओझ्याच्या जनावरांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६५ च्या नियमांनी निषिद्ध आहे, तरी तो वापरला जातो, आणि फाटलेल्या ओठांची शिंगरे उपचारासाठी आणली जातात. नफ्याची ही वाट मी कोणालाही सुचवणार नाही. मुलानेही ती वाट आपल्याला नको, असे आपणहून सांगितले.

निर्णय

कार्तिकात झालेल्या शेवटच्या बैठकीत मी शिंगरू न घेण्याचा सल्ला दिला. अप्पांना तो पटला नाही. त्यांचा मुद्दा असा होता की बाजारातून आणलेल्या मोठ्या घोड्याच्या खोडी आणणाऱ्याला कळत नाहीत, घरी वाढवलेल्याचे सगळे ठाऊक असते. हा मुद्दा खरा आहे, आणि तो मी खोडून काढला नाही. ज्या घरात घोड्याचा जाणता माणूस दिवसभर असतो, दुसरी घोडी सोबतीला असते, नालबंद ठरलेला असतो आणि घोड्यावर बसण्याची घाई कोणाला नसते, त्या घराला मी शिंगरू घ्या असेच सांगेन. या घरात त्यातील एकही गोष्ट नव्हती.

तिघांच्या तीन इच्छांपैकी विकण्याची इच्छा बाजूला पडली होती. उरलेल्या दोन एकाच जनावरात भागतील का, असा विचार करता मी भीमथडी घोडीचे नाव काढले. भीमेच्या खोऱ्यातील मेंढपाळ धनगरांनी सांभाळलेली ही जात राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली आहे. उंची साधारण १३० सेंटिमीटर, खूर कठीण, खाणे थोडे, आणि मेंढपाळांच्या फिरत्या वाड्याबरोबर (तळाबरोबर) कुत्री, मेंढरे, पोरेबाळे, मालमोटारी या सर्वांतून वर्षानुवर्षे चालल्याने सहसा न बिचकणारी. अकरा वर्षांच्या मुलीला ही उंची मारवाडीपेक्षा कितीतरी योग्य असते. अप्पांच्या मनातले तट्टू याच जातीचे होते, त्यामुळे त्यांचा विरोध पुष्कळ सौम्य झाला.

माघात एका मेंढपाळ कुटुंबाकडील घोडी पाहण्यात आली. वरच्या कोपऱ्यातील दातावर हिरडीशी उभी खाच नुकती दिसू लागली होती, त्यावरून वय दहाच्या आसपास ठरले. ती रोड होती, खुरे वाढलेली होती आणि ओझ्याने पाठीवर जुने पांढरे व्रण उठलेले होते. पण चारही पाय थंड आणि सरळ होते, पाय उचलू देत होती, छत्री उघडली तरी जागची हलली नाही, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी अनोळखी मुलांना पाठीवर घेऊन शांतपणे चालली. रक्ताचा नमुना आधी पाठवला गेला आणि अहवाल निर्दोष आल्यावरच पैसे दिले. मालकाने त्याला हरकत घेतली नाही, उलट "मावशी, पोरगी हातची आहे, उन्हाळ्यात घासाला कमी करू नका," एवढेच घोडीविषयी सुनेला बजावले. घरी आणल्यावर तीन आठवडे तिला इतर जनावरांपासून दूर, वेगळ्या बादलीवर ठेवले.

सोबतीची उणीव या निर्णयातही राहिली आहे. घोडीला दुसऱ्या घोड्याची सोबत नाही. म्हशींच्या शेजारी बांधल्याने ती काही अंशी भागते, पूर्ण नाही, आणि पहिले दोन आठवडे ती संध्याकाळी बराच वेळ खिंकाळत असे. दुसरी उणीव नालबंदाची होती. पंढरपूरकडील एक नालबंद दर दोन महिन्यांनी येईल असे ठरले आहे, आणि खुरे आकारात यायला वर्षभर लागेल.

आहाराविषयी आता उलटी सूचना द्यावी लागली. शिंगराला खुराक मोजून द्यावा लागला असता, या घोडीला तो जवळजवळ द्यायचाच नाही. थोड्यावर जगण्याची सवय असलेल्या या जातीला हरभरा, गूळ आणि उसाचे वाढे भरपूर मिळाले तर तिच्या खुरांच्या आतील थराला सूज येते आणि ती कायमची लंगडी होऊ शकते. अंगावर मांस चढावे म्हणून घाई न करता वाळलेले गवत, थोडा लसूणघास, खनिज मिश्रण आणि मिठाचा खडा यांवर पाच-सहा महिन्यांत वजन भरू द्यावे, असे लिहून दिले आहे. सकाळचा एक तास सुनेने आणि संध्याकाळचा एक तास अप्पा व नात यांनी मिळून वाटून घेतला आहे. प्रौढ, शिकलेल्या घोडीला या तुटक वेळेत सांभाळता येते, शिंगराला आले नसते.

फाल्गुनात खुरे पाहायला गेलो असता अप्पांनी घोडी भरवण्याविषयी विचारले. गाभ अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे शिंगरू पुढच्या वर्षी घरातच आईजवळ वाढेल, हा त्यांचा विचार चुकीचा नाही. घोडीला सोबतही मिळेल. मी त्यांना या वर्षी थांबायला सांगितले आहे. खुरे नीट झाली, वजन भरले, नालबंद वर्षभर न चुकता येत राहिला आणि रोजचे दोन तास उन्हाळ्यातही सुटले नाहीत, तर पुढच्या चैत्रात भीमथडी नर शोधायला मी त्यांच्याबरोबर जाईन. सुनेने या चार अटी गोठ्यातील दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतल्या आणि पहिल्या अटीपुढे त्या दिवशीची तारीख घातली.